कर्पगम विचार करून सांगते

पुरुषाला साठ वर्षं पुरी झाली की त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न करायचं, अशी आमच्या तिरुचीकडे पद्धत आहे. जन्माच्या वेळचं संवत्सर फिरून येतं, म्हणजे एक फेरी संपली, पाटी कोरी, आता पहिल्यापासून सुरुवात, असा त्यातला अर्थ. अर्थ चांगला आहे. माझी हरकत एवढीच आहे, की ज्या कोणी ही पद्धत काढली त्याने, बायको हो म्हणाली नाही तर काय करायचं, हे कुठेही सांगून ठेवलेलं नाही. मी दोन शास्त्र्यांना विचारून पाहिलं. एक हसला. दुसऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी केलं असणार.

मी काहीही केलेलं नव्हतं. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

सगळं ठरवलं आमच्या मुलीने, वैदेहीने, कोइम्बतूरला बसून. फोनवर म्हणाली, "अप्पा, ऐप्पसी महिन्यात तुमच्या नक्षत्रावर मुहूर्त आहे. कावेरीकाठच्या देवळात करू या. तुम्ही फक्त उभं राहायचं." फक्त उभं राहण्याचं काम मी वीज मंडळात आयुष्यभर केलेलं असल्यामुळे मी लगेच होकार दिला. आमच्या वरच्या मजल्यावर दक्षिणामूर्ती राहतात. त्यांचं हे दुसरं लग्न मागेच झालेलं आहे, आणि तेव्हापासून विवाहसंस्थेबद्दल ते अधिकाराने बोलतात.

"जंबुनाथन," ते मला म्हणाले, "पहिल्या लग्नाला अक्कल लागत नाही. दुसऱ्याला लागते. काही अडलं तर मला हाक मारा."

मी हाक मारली नव्हती. तरी ते देवळाच्या कचेरीत आमच्याबरोबर आले.

कचेरीत पंख्याखाली एक कारकून बसला होता. त्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि विचारलं, "लग्नाचा पुरावा?"

"अहो, लग्न तर करायला आलोय," मी म्हणालो.

"ते दुसरं. पहिल्याचा पुरावा द्या. पहिलं झालंय हे कळल्याशिवाय आम्ही दुसरं कसं लावणार?"

मी त्याला शांतपणे सांगितलं, की आमची नात शाळेत जाते.

"नात आहे म्हणजे लग्न झालंच आहे असं नसतं, सार. गेल्या साली एक गृहस्थ भलत्याच बाईंना घेऊन आले. मंगळसूत्राच्या वेळेला खऱ्या बाई येऊन पोचल्या. केवढा गोंधळ! ओवाळणीचं ताट त्यांनी भटजींच्या डोक्यात घातलं. तेव्हापासून नियम झालाय." मग तो कर्पगमकडे वळला. "मामी, तुमचं नाव काय?"

"कर्पगम," मी म्हणालो.

"वय?"

"सत्तावन्न," मी म्हणालो.

"छप्पन्न," कर्पगम म्हणाली.

हा एक आकडा सोडला तर माझी सगळी उत्तरं बरोबर होती. एकंदरीत आमच्या घरी प्रश्नांची उत्तरं मी देतो. डॉक्टरांकडे, बँकेत, लग्नकार्यात कुणी 'मामी, कशा आहात?' म्हणून विचारलं तरी 'बरी आहे, गुडघा जरा धरलाय' हे मीच सांगतो. तिला तोंड उघडायचे कष्ट पडू नयेत हा माझा हेतू. या हेतूचं पुढे काय झालं ते आता बघा.

पुरावा शोधायला आम्ही घर पालथं घातलं. लग्नाचा फोटो सापडला. आमच्या लग्नाला फोटोग्राफर आणला होता कर्पगमच्या थोरल्या मामांनी, त्यामुळे त्याने मामांना शेवटपर्यंत सोडलं नाही. मंगळसूत्र बांधतानाच्या फोटोत मामांची अख्खी पाठ आहे, पाठीच्या डावीकडे कर्पगमचं अर्धं नाक आहे, आणि उजवीकडून एक हात आलेला आहे. तो हात माझा. लग्नपत्रिका मिळाली ती लोणच्याच्या कपाटात, खणाला अंथरलेली. कसरीने तिच्यावरचं बाकी सगळं सोडून नेमकं माझं नाव खाल्लं होतं.

देवळातला कारकून फोटो उलटसुलट करून म्हणाला, "यात नवरा कुठाय?"

मी हात दाखवला.

"हा हात कुणाचाही असू शकतो. तुम्ही असं करा, लग्नाची सरकारी नोंदणी करून दाखला आणा. सोपं असतं."

सदतीस वर्षं जे लग्न झालेलं आहे असं मी धरून चाललो होतो, ते झालेलं नाही असं आता देऊळ म्हणत होतं. आणि ते झालंय हे सरकारने म्हटल्याशिवाय मला ते पुन्हा करता येत नव्हतं. थोडक्यात, एक लग्न करण्यासाठी आधी दुसरं एक लग्न सिद्ध करायचं होतं. दक्षिणामूर्ती म्हणाले, "माझ्या वेळी असलं काही नव्हतं," आणि समाधानाने विड्याचं पान चुन्यासकट तोंडात सारलं.

नोंदणी कचेरीला साक्षीदार लागतात. एक दक्षिणामूर्ती होतेच. दुसरा म्हणून कर्पगमचा धाकटा भाऊ पंचापकेशन लालगुडीहून आला. या पंचूला कुठल्याही गोष्टीबद्दल मत नसतं, त्यामुळे साक्षीदार म्हणून तो आदर्श आहे. आम्ही चौघं बाकावर ताटकळलो. आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीतली पोरं, पळून आलेली किंवा पळायच्या बेतात असलेली. एका मुलीने कर्पगमला हळूच विचारलं, "आजी, तुमच्याही घरच्यांचा विरोध आहे?"

"नाही गं," मी म्हणालो.

शेवटी आमचा नंबर लागला. टेबलापलीकडे एक चष्मेवाल्या रजिस्ट्रारबाई होत्या. त्यांनी आधार कार्डं पाहिली, आमची तोंडं पाहिली, फोटोतली मामांची पाठ पाहिली आणि तिलाही मान्यता दिली. मी मनात म्हटलं, सुटलो. मग त्या यंत्रासारख्या सुरात म्हणाल्या, "हा विवाह तुम्हाला संमत आहे का? मामी, तुम्ही सांगा."

"आहे, आहे," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांना विचारलंय."

"ती तेच म्हणणार आहे."

"मग त्यांना म्हणू द्या ना, सार. नियम आहे. मामी, संमत आहे?"

कर्पगमने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. मग तिने पदर सारखा केला आणि अगदी नीट, स्पष्ट आवाजात, नातीला पाढे शिकवतानाच्या आवाजात ती म्हणाली, "थांबा. विचार करून सांगते."

मला आधी वाटलं ती गंमत करतेय. दक्षिणामूर्तींचं पान घशात अडकलं. मागच्या बाकावरच्या एका पोराने चक्क टाळी वाजवली.

"घ्या ना वेळ," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात प्रथमच एखाद्या सरकारी कचेरीत मी सरकारी माणसाला हसताना पाहिलं. "पुढल्या आठवड्यात या. पुढचे कोण?"

बाहेर पायऱ्यांवर मी म्हणालो, "कर्पगम, हे काय चाललंय? पत्रिका छापल्यात! नादस्वरवाला ठरलाय! आचारी ठरलाय!"

"हो ना," ती म्हणाली. "सगळं ठरलंय. मी तेवढी ठरायची राहिलेय. पंचू, तुझी लालगुडीची बस कुठून सुटते? मी येते तुझ्याकडे. वधू माहेरीच असलेली बरी."

आणि ती गेली. हातातल्या पिशवीनिशी गेली. पंचूला यावरही काही मत नव्हतं. "येतो हं, अत्तिंबेर," एवढंच तो मला म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला आमच्यात असं म्हणतात, आणि त्या क्षणी तरी मी तिचा नवरा आहे असं उघडपणे म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

यापुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. नादस्वरवाला रोज सकाळी फोन करायचा, "सार, तारीख धरू की सोडू? दुसरं एक गिऱ्हाईक आहे, त्यांची बायको तयार आहे." म्हणजे बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. वैदेही फोनवर एकच वाक्य निरनिराळ्या चालींत म्हणायची, "अप्पा, तुम्ही अम्माला नेमकं म्हणालात तरी काय?" मी काही म्हणालो असतो तर सांगितलं नसतं का? कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईने मला बघून, न मागता, जाईचा गजरा बांधून हातात दिला आणि म्हणाली, "घेऊन जा लालगुडीला." मी तिला बाणेदारपणे सांगितलं, की मी कुठेही जाणार नाही. गजरा मात्र घेतला. तो घरी आणून कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून शेवटी कॅलेंडरवरच्या मुरुगनला घातला.

दक्षिणामूर्ती सल्ला घेऊन दिवसाकाठी दोनदा तरी खाली उतरायचे. सोमवारी त्यांचं मत, मी कडक राहावं. मंगळवारी, मी नरम व्हावं. बुधवारी, मी आजारी पडावं. "साधा ताप पुरे," ते म्हणाले. "बायका तापाला हमखास येतात." मी थर्मामीटर शोधायला गेलो. तो कुठे असतो ते कर्पगमला माहीत.

खरं सांगायचं तर रागापेक्षाही मला भीती वाटायला लागली होती. आधी वाटलं, ही दोन दिवसांत येईल. मग वाटलं, चार दिवसांत. मग एके दुपारी ताक घुसळताना, म्हणजे घुसळायचा प्रयत्न करताना, माझ्या डोक्यात आलं, की तिने खरोखरच विचार केला आणि विचारान्ती उत्तर 'नाही' असं निघालं तर? विचार केल्यावर लोक मला हो म्हणतातच असं नाही. वीज मंडळातल्या बढत्यांचा माझा अनुभव तसाच आहे. रवी तशीच ताकात सोडून मी फोनजवळ जाऊन बसलो.

मग पंचूचा फोन आला. "अत्तिंबेर, अक्का म्हणते, बघायला या. रीतसर."

"काय बघायला?"

"ते मी विचारलं नाही."

मुलगी बघायला जायचं तर फळं, फुलं, विड्याची पानं असं ताट न्यावं लागतं आणि बरोबर एक वडीलधारा माणूस न्यावा लागतो. माझ्यापेक्षा वडील म्हणून उपलब्ध असलेले एकटे दक्षिणामूर्ती. आम्ही दोघं केळ्यांचा घड आणि दोन ताटं मांडीवर घेऊन बसने लालगुडीला निघालो. कंडक्टर म्हणाला, "मुलाचं आहे का?" दक्षिणामूर्ती म्हणाले, "नाही, यांचंच." उरलेला प्रवास सगळी बस माझ्याकडे बघत होती.

पंचूच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. आमच्याकडे मुलगी बघायला गेलं की केसरी शिरा आणि भजी देतात. मुलगी ते ताट घेऊन येते आणि मान खाली घालून उभी राहते. मी रेलून बसलो आणि वाट बघू लागलो. पंचूची बायको आतून आली, तिने ते ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "अत्तिंबेर, अक्का त्या खुर्चीत बसणार आहे. तिला द्या."

कर्पगम आली. हिरवी सुती साडी, केसांत फूल. खुर्चीत बसली. मी कच्च्या केळ्याची भजी घेऊन तिच्यासमोर उभा. तिने एक भजं उचललं, फुंकर घातली, खाल्लं आणि विचारलं, "मुलाला गाता येतं का?"

"कर्पगम, पुरे झालं—"

"येतं की!" दक्षिणामूर्ती मागून म्हणाले. "न्हाणीघरात म्हणतात. वरपर्यंत ऐकू येतं."

"स्वयंपाक?"

"शिकतायत हळूहळू," दक्षिणामूर्ती म्हणाले. "परवा रसम केलं होतं. मीच पाहिलं. खाल्लं नाही."

"अहो दक्षिणामूर्ती—"

"स्वभावाने कसा आहे मुलगा?"

"जरा तापट. पण मनाने गाय. झोपेत घोरतात, ते तुम्ही चालवून घ्या. गुडघा बरा आहे. बढती थोडक्यात हुकली, त्यात त्यांचा दोष—"

"अहो!" मी ओरडलो. ताटातली दोन भजी उडून सतरंजीवर पडली. "माझ्याबद्दल विचारतायत ना? मग मला बोलू द्या की जरा! मला तोंड नाही का?"

कर्पगमने कॉफीचा पेला तोंडाला लावला आणि पेल्याआड बराच वेळ ती काहीतरी करत होती. कॉफी पीत नव्हती, एवढं नक्की. मग पेला खाली ठेवून ती म्हणाली, "मुलगा पाहिला. छान झालं. घरी विचार करून कळवते."

माझा तोल सुटला. साठ वर्षांचा माणूस, वीज मंडळातून हार घालून निवृत्त केलेला, भरल्या ओसरीत हातात भजी घेऊन उभा, आणि वर 'कळवते'! आमच्या लग्नात एक विधी असतो. सकाळी नवरा मुलगा छत्री, काठी घेऊन रुसून निघतो, 'मला संसार नको, मी काशीला चाललो' म्हणतो. मग मुलीकडचे मागे धावतात, हाताला धरतात, गूळ-नारळ देतात, 'काशी नको, आमची मुलगी घ्या' म्हणून विनवतात, आणि तो आढेवेढे घेत परत फिरतो. पहिल्या लग्नात मी हे फार झोकात केलं होतं, असं सगळे म्हणतात. मी खुंटीवरची छत्री खेचली.

"मी चाललो काशीला!" मी म्हणालो.

"बरं," कर्पगम म्हणाली.

मी अंगणात उतरलो. पंचू उठेल म्हणून जरा थांबलो. फाटकाची कडी काढली, लावली, पुन्हा काढली. गल्लीच्या टोकापर्यंत मी असा चाललो, की लंगड्या माणसानेही मला गाठलं असतं. कोपऱ्यावर चपलेचा अंगठा तपासला. दुसऱ्या चपलेचाही तपासला. मागे कुणी नव्हतं. मी मागे वळून पाहिलं तेव्हा दक्षिणामूर्ती ओसरीवर मजेत केसरी खाताना दिसले.

एकदा काशीला निघालेला माणूस स्वतःहून परत कसा फिरणार? बसस्टँडवर येऊन मी बाकावर बसलो. ऊन लागत होतं म्हणून छत्री उघडली. तिरुचीची बस आली. मी बसलो नाही. ती गेली. दुसरी आली, तीही गेली. तिरुचीला जाऊन मी करणार काय होतो? तिथे ताकात सोडलेली रवी होती. मला एकदम फार एकटं वाटलं, आणि स्टँडवर आपलं तोंड कुणाला दिसू नये म्हणून मी छत्री पुढे झुकवली.

"काशीला गुलाबी छत्री घेऊन जाणार?"

कर्पगम समोर उभी होती. मी वर पाहिलं. छत्री खरोखरच गुलाबी होती. तिच्यावर मोर होते.

"पंचूच्या बायकोची आहे," ती म्हणाली. "तिला संध्याकाळी भजनाला लागते. म्हणून आले."

"छत्रीसाठी आलीस?"

"पंचूला पाठवत होते. तो म्हणाला, अत्तिंबेरना कदाचित खरंच जायचं असेल." ती माझ्याशेजारी बसली. "भजी कशी होती, खाल्लीत की नुसती उडवलीत?"

"कर्पगम," मी म्हणालो, "तुला हे लग्न करायचं नसेल तर तसं सांग. मी सहन करीन. पण माझं काय चुकलं ते तरी—"

मी थांबलो, कारण तिने हात वर केला होता.

"नाही म्हणायचं असतं तर तिथेच म्हटलं असतं," ती म्हणाली. "मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा माझे अप्पा स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, ठरलं. मी चिंच कोळत होते. हात धुऊन बाहेर आले तर साखर वाटून झाली होती. पुढे सगळं चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही. पण परवा त्या बाईंनी विचारलं ना, मामी, तुम्ही सांगा, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा एवढा मोठा प्रश्न हातात आला, आणि लगेच हो म्हणून तो संपवून टाकायचा? मला जरा त्याच्याबरोबर बसायचं होतं, एवढंच. चार दिवस बसले. फार छान वाटलं."

माझ्या लक्षात आलं, की तिला इतकं सलग बोलताना मी किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला विनोद सांगता येतो, हे मला माहीत होतं. तिला एवढं बोलता येतं, हे विसरलो होतो.

"जुनंच चालू ठेवायचं असेल तर पुन्हा लग्न कशाला?" ती म्हणाली. "नव्याने सुरू करायचं तर काहीतरी नवं हवं. माझी एकच अट आहे. मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार."

"अगं, पण मी कधी—"

"बघा."

मी तोंड मिटलं. समोरून तिरुचीची आणखी एक बस गेली. मग मी गुलाबी छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि घसा साफ केला. आयुष्यात हे वाक्य मी कधी म्हटलेलं नव्हतं. माझ्या वेळीही ते आईने आणि काकांनीच परस्पर म्हणून टाकलं होतं.

"कर्पगम, माझ्याशी लग्न करशील का?"

ती हसली. "जिथे विचारलं तिथेच उत्तर देईन," ती म्हणाली. "चला, केसरी निवेल."

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या टेबलापुढे उभे राहिलो. मागे दक्षिणामूर्ती आणि पंचू. रजिस्ट्रारबाईंनी आम्हाला ओळखलं. चष्मा सरळ करून त्या म्हणाल्या, "मामी, झाला विचार?"

मी दातांवर दात दाबून धरले होते. तिचं नाव, वय, गुडघा, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी एक अक्षर बोललो नाही.

"झाला," कर्पगम म्हणाली. "मला संमत आहे."

बाईंनी कागदावर खूण केली आणि शिक्का उचलला.

"थांबा," कर्पगम म्हणाली. "त्यांनाही विचारा. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं."

बाई माझ्याकडे वळल्या. आता हे मला कबूल केलंच पाहिजे, की या क्षणासाठी मी येताना बसमध्ये एक उत्तर घोकलं होतं. थांबा, मीही विचार करून सांगतो. चांगलं ऐटीत, पदर नसल्यामुळे उपरणं सारखं करून. सगळ्या लालगुडीचा हिशेब एका वाक्यात चुकता झाला असता. मी उपरण्याला हात घातलासुद्धा. तेवढ्यात माझं लक्ष कर्पगमकडे गेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेकडे बघत होती, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"सार," बाई म्हणाल्या, "हा विवाह तुम्हाला—"

"हो!" मी म्हणालो. इतक्या मोठ्याने, की मागे दक्षिणामूर्ती दचकले.

"अहो, प्रश्न तरी पुरा होऊ द्या!"

"राहू दे हो," कर्पगमने पदर सोडला आणि बाईंना म्हणाली, "ते नेहमीच मध्ये बोलतात."